रुचिका नावाची दोन फोल्डरं

माऊलीनं कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत जोरात फुंकर मारली आणि वर्षभराची धूळ शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या, शांतादेवींच्या, वातींच्या ताटात उडवली. मग पाच मिनिटं नुसताच माऊस इकडून तिकडं फिरवून त्यानं निदान केलं.

"लई व्हायरस हाय वैनी. फॉरमॅट मारावा लागंल."

"मारल्यावर आतलं काय राहतं?" शिवांजलीनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे का, एवढंच तिला बघायचं होतं.

"आतलं समदं जातंय की. पर मशीन कसं नवंकोरं हुतंय बघा."

"आणि आत माझ्या लेकीचे दहा महिन्यांचे फोटो आहेत, त्यांचं काय?"

माऊलीनं पाळण्याकडं बघितलं. पाळण्यात रुचिका पालथी, ढुंगण वर करून झोपली होती. एक पाय दुपट्याबाहेर, आणि त्या पायाचा अंगठा झोपेतही हलत होता.

"लेकरू हाय की समोर," माऊली म्हणाला. "फोटू काय, परत काढा."

शिवांजलीनं त्याला चहा विचारला नाही.

केजमध्ये माऊलीचं दुकान होतं. पाटीवर मोबाइल, कॉम्प्युटर आणि घरघंटी अशा तीन वस्तूंची दुरुस्ती लिहिलेली होती आणि तिन्हींवर त्याच्याकडं इलाज एकच होता. सगळं झटकायचं आणि पहिल्यापासून चालू करायचं. गिरणीला ते चालतं. गिरणीत कुणी लेकराचं पहिलं हसू साठवून ठेवत नाही. पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता. युसूफ वडगावात बऱ्याच गोष्टी कुणाला सांगून उपयोग नसतो, हे शिवांजलीला लग्न होऊन आल्यावर पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

ती लातूरची. बीसीए झालेली. लग्नाआधी दोन वर्षं एका संस्थेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. लग्नात कपाट, पलंग आणि कॉम्प्युटर अशा तीन वस्तू तिच्यासोबत एकाच टेम्पोत आल्या. कपाट आणि पलंग वापरात आले. कॉम्प्युटरवर मात्र सासूबाईंनी लोकरीचं विणलेलं झाकण घातलं. खंडेनवमीला त्याच्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, लिंबू ठेवलं, आणि तो तराजूच्या आणि विळीच्या रांगेत जाऊन बसला. गावात तिला 'कॉम्प्युटरवाली सून' म्हणत. म्हणजे लाइटबिलावर काय लिहिलंय ते वाचून दाखवणारी.

रुचिका झाल्यावर शिवांजलीनं ते झाकण काढलं. फोनमध्ये काढलेले फोटो ती दर रविवारी कॉम्प्युटरमध्ये भरायची. पहिलं हसू, पहिला दात, उष्टावण, जावळ, डोक्याला तेल लावताना झोपलेली, साबणाच्या फेसाकडं रागानं बघणारी. सहाशे बारा फोटो. उन्हाळ्यात फोन हौदात पडला, बाहेर काढला तेव्हा त्यातून पाण्यासोबत शेवाळ निघालं. त्या दिवसापासून ते सहाशे बारा फोटो जगात एकाच जागी उरले होते, 'रुचिका' नावाच्या पिवळ्या फोल्डरमध्ये. दहा महिन्यांत या घरात तिनं स्वतःचं म्हणून केलेलं काम तेवढंच होतं.

व्हायरस तिच्या ओळखीचा होता. शिकवत होती तेव्हा मुलांच्या पेनड्राइव्हमधून तो महिन्या-दोन महिन्याला यायचाच. त्याची खोड साधी. तो खरं फोल्डर पुसत नाही, लपवतो. आणि त्याच्या जागी त्याच नावाचा, तसाच पिवळा, हुबेहूब तोतया उभा करतो. तोतया उघडला तरी आत आपलेच फोटो दिसतात, त्यामुळं कुणाला संशय येत नाही. फक्त दर वेळी उघडताना तो आणखी चार ठिकाणी पसरतो. ओळखायची खूण एकच. फोल्डरात दहा फोटो असोत की हजार, सगळ्या तोतयांचा आकार आकड्याला आकडा सारखा भरतो. इलाजही तेवढाच साधा. जे दिसतंय ते पुसायचं, जे लपलंय ते वर आणायचं.

"अर्ध्या तासाचं काम आहे," ती योगीराजला म्हणाली. "तुमच्या त्या माऊलीला डोकं असतं तर त्यानंच केलं असतं."

"मंग कर की," नवरा म्हणाला. "आमी कुटं न्हाई म्हनलंय?"

दुपारी दोनच्या पुढं घर तिच्या मालकीचं होई. पुढच्या भुसार दुकानात सासरे चन्नप्पा पोत्यांना टेकून घोरायचे, योगीराज केजला गेलेला असायचा, शांतादेवी स्वयंपाकघरात पदर डोळ्यांवर घेऊन पडायच्या. शिवांजली पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि कॉम्प्युटरपुढं बसायची. अंगठा हलला की पाळणा हलायचा. हातांनी काम, पायानं लेक. रुचिका जागी झाली की आधी रडायची नाही, पाळण्याच्या कापडाला आतून बोट लावून खरवडायची. तो आवाज आला की शिवांजली काम तिथंच सोडायची.

पहिल्याच दुपारी तिनं पडद्यावर कमांडची काळी खिडकी उघडून तीत आज्ञा लिहिल्या, तोतये पुसले, खरी फोल्डरं वर आणली. अर्धा तास म्हणाली होती, पंचवीस मिनिटांत झालं. तिनं रुचिकाचं फोल्डर उघडून सगळे फोटो एकदा डोळ्यांखालून घातले आणि समाधानानं कांदा चिरायला गेली.

मंगळवारी सकाळी व्हायरस परत आला होता.

तिनं परत काढला. पुढच्या मंगळवारी परत आला.

"तुजा किडा पुन्यांदा आलाय बघ," योगीराज हसत म्हणाला. "दोन वर्सं पोरान्ला काय शिकवत हुतीस गं?"

चन्नप्पा सुनेशी सरळ बोलत नसत. ते खांबाला ऐकवायचे. "माहेरच्यांनी येवढं शिकवलं म्हनं," ते खांबाला म्हणाले, "आन् घरातला येक किडा मारता येईना."

शिवांजलीची कानशिलं तापली. पण तिला अडाणी माणसांचा राग येत नसे, कीव येई. व्हायरस स्वतःहून येत नाही, कुणीतरी आणतो. आणि दर वेळी सोमवार-मंगळवारच्या मध्येच आणतो. तिसऱ्या सोमवारी तिनं पाळत ठेवली.

सोमवारी संध्याकाळी त्यांच्याकडं बायांचं भजन असे. आठ-दहा जणी यायच्या, टाळ वाजायचे, मग चहा. त्या वेळी शिवांजली नेहमी चुलीपाशी असायची. त्या सोमवारी ती चहाचं ताट घेऊन लवकर आली आणि दारातच थांबली. शांतादेवी देव्हाऱ्यापुढं वाकल्या होत्या. महादेवाच्या पिंडीशेजारी तांब्याची वाटी होती. त्यांनी वाटीतून एक वस्तू काढली, कपाळाला लावली आणि कॉम्प्युटरच्या भोकात घातली.

पेनड्राइव्ह होता तो. बारशाचं शूटिंग करणाऱ्या फोटोग्राफरनं दिलेला. त्यावर विभूतीचे तीन पट्टे होते आणि मध्ये कुंकवाचा ठिपका.

"आई! याला रोज विभूती लावता तुम्ही?"

"मंग? नातीचं बारसं हाय त्यात."

"अहो, यातूनच येतोय तो व्हायरस. दर सोमवारी."

"देव्हाऱ्यातल्या वस्तूला आसलं काई लागत न्हाई," शांतादेवी म्हणाल्या. "च्या दे सगळ्यास्नी. निवतोय."

शिवांजलीला एवढं हसू आलं की ताटातल्या कपांतून चहा सांडला. तीन आठवडे ती मशीनच्या आतड्यात शोधत होती आणि रोगाला इथं रोज गंध-फूल मिळत होतं. तिनं मनातल्या मनात ही गोष्ट लातूरच्या बहिणीसाठी रंगवायलाही घेतली.

पडद्यावर बारसं चालू झालं होतं. बाया सरकून जवळ बसल्या. त्यांनी ते दहा वेळा बघितलं असेल, तरी कुठं हसायचं ते ठरलेलं होतं.

पाळण्यात लेकराच्या आधी वरवंटा घालायची रीत. त्याला टोपडं-झबलं चढवायचं, काजळाची तीट लावायची, आणि बाळ नि वरवंटा दोघांनाही पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात फिरवायचं. नाव कानात सांगायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे योगीराजची बहीण. ती गंगाखेडहून ऐन वेळी पोचली, घामाघूम, एसटीतल्या भांडणाच्या तावातच. पाळण्यात वाकली आणि जे गाठोडं पहिलं हाताला लागलं त्याच्याच टोपड्यात तोंड घालून कुर्रर्र करून नाव सांगून मोकळी झाली. बायांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बाळ अजून बाळंतिणीच्या मांडीवर आहे.

"आगं बया, वरवंट्याचंच बारसं केलंस की!" पडद्यावर कुणीतरी ओरडलं. तिथं हसायचं. बाया हसल्या.

पुन्हा खऱ्या बाळाच्या कानात नाव सांगितलं. तेच नाव.

सगळ्या हसल्या तेव्हा एकट्या शांतादेवी हसल्या नव्हत्या. पडद्यावरही नाही आणि आजही नाही. बारशाच्या दुसऱ्या दिवशी शिवांजलीनं चटणीसाठी वरवंटा मागितला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "नाव दिलंय त्येला. आता त्येच्यावर मिरच्या वाटायच्या व्हय?" तेव्हापासून पाटा भिंतीला टेकून रिकामा उभा होता. वरवंटा टोपड्यासकट धान्याच्या खोलीत कोठीवर, दुपट्यात गुंडाळलेला. आणि बीसीए झालेली सून मिक्सरमध्ये ठेचा फिरवत होती, कारण या घरात एका दगडाला नाव होतं.

तेही तिनं बहिणीला फोनवर सांगितलं होतं. दोघी इतक्या हसल्या होत्या की मांडीवरच्या रुचिकाला उचकी लागली होती.

मंगळवारी दुपारी तिनं पेनड्राइव्ह वाटीतून काढला आणि आतलं सगळं पुसलं. बारसं, व्हायरस, सगळं. मग बोटानं विभूतीचे तीन पट्टे ओढले, ठिपका दिला आणि तो होता तसा वाटीत ठेवला. सासूबाईंना फरक कळणार नव्हता. कळायला आधी त्यात काय आहे ते कळावं लागतं.

मग तिनं कॉम्प्युटर साफ केला. या वेळी एकही तोतया परत आला नाही.

एक सोडून.

काळ्या खिडकीत तिनं लपलेल्या वस्तूंची यादी काढली तेव्हा सगळं स्वच्छ होतं, फक्त 'रुचिका' दोनदा होतं. एक दिसणारं, एक लपलेलं. दिसणारं पुसायची आणि लपलेलं वर आणायची आज्ञा तिनं पुन्हा दिली. उत्तर आलं: हे फोल्डर सध्या वापरात आहे.

तिनं सगळं बंद केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. इंटरनेटची तार उपटली. वापरात आहे.

"कुणाच्या वापरात?" ती स्वतःशीच म्हणाली.

लपलेलं फोल्डर उघडेना. दिसणारं उघडत होतं, आत फोटो होते, सहाशे बारा. पण तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही, तोतयाच्या आतही आपलेच फोटो दिसतात. तिनं त्याचा आकार बघितला. आकडा तिला पाठ झाला होता, महिनाभर तोच बघत होती. दिसणाऱ्या 'रुचिका'चा आकडा तोच होता. इतर तोतयांएवढाच, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

म्हणजे सरळ होतं. दिसतंय ते सोंग, आणि तिच्या लेकीचे खरे फोटो आत कुठंतरी दबून पडलेत.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार ती त्याच्यामागं लागली. याच दिवसांत तिला रुचिकाची जुनी झबली सापडेनात. बहीण बाळंत होणार होती, तिच्यासाठी काढून ठेवायची होती. बारशातलं पिवळं, पाच महिन्यांचं हत्तीचं, सगळीच नाहीत.

"हाईत," शांतादेवी म्हणाल्या. "लागतील तवा लागतील."

"कुणाला लागतील?"

सासूबाई गहू निवडत राहिल्या.

शनिवारी माऊलीचा फोन आला. त्याचा पेचकस तिच्याकडं राहिला होता.

"झाला का साफ?"

"झाला," शिवांजली म्हणाली. "फॉरमॅट न मारता. शिकून घ्यायचं असेल तर या एखाद दिवशी. एकच फोल्डर उरलंय."

पलीकडं माऊलीनं चालू गिरणी बंद केली.

"जात न्हाई का? वापरात हाय म्हनतंय?"

"तुम्हाला काय माहीत?"

"ऱ्हाऊ द्या वैनी ते. न्हाई जात तर न्हाई जात. फॉरमॅट तरी मारा, न्हाईतर ऱ्हाऊ तरी द्या." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "म्या कुनाचं आत उघडून बघत न्हाई. पैल्यांदा येकदा बघितलं हुतं. तवापासनं सरळ फॉरमॅटच मारतो."

"काय बघितलं होतं?"

"पेचकस ठिवा तुमच्याकडंच," माऊली म्हणाला आणि फोन ठेवला.

शिवांजलीनं फोनकडं बघून नाक उडवलं. काम येत नसलं की माणसं भुताखेतांवर जातात. तालुक्याच्या गावाला दुकान टाकलं तरी डोकं शेतावरच्या खोपटातच राहतं.

सोमवारी दुपारी तिनं ठरवलं, आज संपवायचं. बहिणीला विचारून, जुन्या वह्या काढून तिनं एक वेगळी आज्ञा तयार केली होती. ती विचारत बसत नाही, कोण वापरतंय ते बघत नाही. एका दमात दिसणारं पुसते आणि लपलेलं वर आणते. काळ्या खिडकीतून पुसलेलं कचरापेटीतही जात नाही, पार जातं. सोंगासाठी रडायचं कुणी?

रुचिका दूध पिऊन नुकतीच झोपली होती. तिच्या केसांना खोबरेल आणि घामाचा वास येत होता. शिवांजलीनं तिला पाळण्यात ठेवलं, गालावर ओठ टेकले, दोरी अंगठ्याला बांधली. बाहेर उन्हात कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाणं लागलं होतं. दुकानातून चन्नप्पांचं घोरणं येत होतं. माशी पडद्यावर बसली, तिनं फुंकली.

आज्ञा लिहिली. एकदा वाचली. बटण दाबलं.

लगेच झालं. इतके दिवस अडून बसलेलं फोल्डर मुकाट वर आलं, पिवळं, एकटंच. नाव 'रुचिका'. आकार भलामोठा, खऱ्या फोटोंना असतो तसा. शिवांजलीनं खुर्चीत मागं टेकून श्वास सोडला आणि सवयीनं अंगठा हलवला.

पाळणा हलला नाही.

तिनं पाय ओढला. दोरी ताणली गेली, अंगठ्यात रुतली, आणि मग पाळणा हलला. सावकाश. वरची कडी कुरकुरली. ती कधी कुरकुरत नसे.

झोपेत कूस बदलली असेल, असं म्हणून तिनं फोल्डर उघडलं.

पहिला फोटो बारशाचा होता. पाळण्यात पिवळ्या झबल्यातलं गाठोडं, टोपड्याच्या आत गुळगुळीत काळा दगड आणि दगडावर काजळाची तीट. असा फोटो होता, तिनंच काढला होता. ती पुढं गेली.

दुसऱ्या फोटोत ती स्वतः होती. मांडीवर तेच गाठोडं. ती त्याच्याकडं बघून हसत होती.

तिसऱ्यात योगीराजनं ते खांद्यावर घेतलं होतं. एका हातानं त्याच्या मानेला आधार दिला होता.

उष्टावणाच्या फोटोत चन्नप्पा चांदीच्या चमच्यानं खीर भरवत होते. खीर दगडावरून ओघळली होती. शांतादेवी पदरानं पुसत होत्या. अंगात हत्तीचं झबलं होतं.

जावळ. तेल लावताना. साबणाचा फेस.

तेच दिवस, तीच माणसं, त्याच साड्या. तिच्याच कोनातून काढलेले, तिची बोटं कडेला येतात तशीच आलेली. सहाशे बारा. महिन्यामहिन्यानं टोपडं मोठं होत गेलं होतं आणि ते प्रत्येक वेळी गच्च बसलं होतं.

कुणीतरी चावटपणा केलाय, ती मनात म्हणाली. माऊलीनं. फोटो बदलता येतात, हल्ली कुणालाही येतात. बदलायला किती वेळ लागेल याचा हिशेब तिचं डोकं करू लागलं आणि तो लागेना.

तिला आठवलं की आज पाळण्याच्या कापडावर बोटाची खरवड ऐकू आलेली नाही.

तिनं मान वळवायला वेळ लावला.

रुचिका पाळण्यात नव्हती.

ती खाली होती. जमिनीवर, खुर्चीच्या पायाशी, जागी. गुडघे टेकून बसली होती आणि आईच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीशी खेळत होती. पाळणा शिवांजलीच्या कमरेइतक्या उंचीवर होता. खाली पडली असती तर आवाज आला असता, टाहो फुटला असता. शिवांजलीनं तिला उचलून छातीशी घेतलं. उबदार होती, लुसलुशीत, दुधाचा वास येणारी. तिनं तिचं डोकं, हात, पाय सगळं चाचपलं. खरचटलंसुद्धा नव्हतं.

दोरी अजून अंगठ्याला होती. आणि ताणलेली होती.

तिनं ती सोडवली. पाळण्यात वाकून बघितलं नाही. लेकीला घेऊन ती परसात गेली आणि ऊन उतरेपर्यंत धुण्याच्या दगडापाशी बसून राहिली.

सहाला बाया आल्या. घरात माणसं आली, टाळ वाजू लागले, तेव्हा शिवांजलीला स्वतःचीच थोडी लाज वाटली. ती आत येऊन भिंतीला टेकून बसली. मांडीवर रुचिका. चहा करायला उठली नाही, आणि का उठली नाही, असं कुणी विचारलंही नाही.

भजन झालं. शांतादेवींनी वाटीतला पेनड्राइव्ह लावला.

"काईच दिसंना गं ह्यात," त्या म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या, कॉम्प्युटरातले फोटू लावतो," योगीराज म्हणाला. तो आत्ताच केजहून आला होता, हातपाय धुऊन. त्यानं माऊस धरला.

"नको," शिवांजली म्हणाली. "बिघडलाय तो. अहो, नको."

पण फोटो लागले होते. पिवळं झबलं, टोपडं, दगड. शिवांजलीनं बायांच्या चेहऱ्यांकडं बघितलं. आता किंचाळतील, आता हसतील.

"बाळसं कसं धरलंय गं बया," एकजण म्हणाली.

"बापावर गेलीय."

"छ्या! नाक आईचंच हाय की. आन् गप किती हाय. आमच्या लेकरांनी आसं कदी बसू दिलं न्हाई."

"ही बघा, खीर खाती," योगीराज म्हणाला आणि त्याचा आवाज लेकीबद्दल बोलताना होतो तसा मऊ झाला.

शेजारच्या केशरबाई शिवांजलीला लागून बसल्या होत्या. म्हाताऱ्या, मायाळू, रोज येणाऱ्या. रुचिकाला पहिलं तेल त्यांनीच चोळलं होतं. त्यांनी वाकून शिवांजलीच्या मांडीकडं बघितलं, पोरीची हनुवटी दोन बोटांनी धरली.

"आन् हे कुनाचं गं लेकरू? ग्वाड हाय."

शिवांजली हसली. हसायला जमलं तिला. "मावशी, काय चेष्टा करता. रुचिका ही."

टाळ कुणाच्या तरी हातात किणकिणला आणि थांबला. बाया एकमेकींकडं बघेनात, त्यांनी नजरा खाली घातल्या. दुःखाच्या घरात बसल्यासारख्या.

"कुनी ठिवून गेलंय का हिला?" योगीराजनं हळूच आईला विचारलं. "दिवे लागायच्या आत न्हेऊन द्यायला पायजे."

शांतादेवी उठल्या. सुनेजवळ आल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "हळू बोल, माज्या बाई," त्या म्हणाल्या. "ती निजलीय." आणि पाळण्याला त्यांनी दोन्ही हातांनी झोका दिला. एका हातानं तो हलला नसता.

शिवांजलीनं लेकीचं तोंड वर केलं. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा वाळका थेंब होता. मुठीत तिनं आईचं मंगळसूत्र धरलं होतं.

"रुचिका," शिवांजलीनं हाक मारली. मग मोठ्यानं, घरभर ऐकू जाईल अशी, "रुचिका!"

सगळ्यांनी पाळण्याकडं बघितलं. मांडीवरच्या पोरीनंही मान वळवली आणि कुणाला हाक मारलीय ते बघायला ती पाळण्याकडं बघत राहिली.